बिडाचा बैल, किलोचा भाव

भंगारवाला आणि अँटिकवाला यांचा माल पुष्कळदा एकच असतो. भंगारवाला येताना तागडी आणतो, अँटिकवाला भिंग आणतो. विकत घेताना दोघेही ‘ह्यात आता काही राहिलं नाही हो’ असंच म्हणतात. फरक पडतो तो विकताना. भंगारवाला सांगतो, जुनं आहे म्हणून स्वस्त. अँटिकवाला सांगतो, जुनं आहे, तेव्हा बसून बोलू.

या दोघांच्या भांडणात एका तिसऱ्या माणसाला कोणी विचारत नाही. तो म्हणजे लोखंड ओतणारा. हिचे मामा या जातकुळीतले. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत त्यांची फौंड्री आहे. उभा जन्म बीड वितळवण्यात आणि ते वेळेवर न पोचल्याबद्दल गिऱ्हाइकाची बोलणी खाण्यात गेला. मामांना कास्टिंग दाखवलं की ते आधी हात फिरवतात, मग उचलून बघतात आणि मग वजन सांगतात. पाव किलोचा फरक पडला तर तो काट्याचा दोष.

मामा-मामी लेकीकडे अमेरिकेत इलिनॉयला होते आणि आम्ही दोघं तिथून जवळच मुलाकडे. आलेल्या आईवडलांना शनिवारी न्यायचं कुठे, हा तिकडच्या मराठी पिढीपुढचा बिकट प्रश्न. देऊळ दाखवून होतं, धबधबा दाखवून होतो, मोठमोठ्या दुकानांतून ढकलगाड्या फिरवून होतात. मग उरतो तो अँटिक मॉल. जुन्या गिरणीच्या किंवा कोठाराच्या इमारतीत शे-दीडशे गाळे असतात. प्रत्येक गाळ्यात कुणाच्या तरी आजीचं घर विकायला मांडलेलं असतं.

अशाच एका गाळ्यासमोर मामा थबकले. कपाटावर ओतीव लोखंडाचा एक सपाट बैल उभा होता. लांबी पावणेदोन-दोन फूट, रंग उडालेला, अंगावर काळपट तांबूस गंज. गळ्यात चिठ्ठी : अमेरिकन लोककला, बाराशे डॉलर.

“जावई, हे वळू किती किलोचं म्हनायचं?” मामांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच उचलून सांगितलं, “पंचवीस. म्हंजे किलोला चार हजार रुपये पडलं की ओ! आमी शंभर रुपये सांगितलं तर पार्टी फोन उचलायची बंद हुती.”

गाळ्याचे मालक गॅलिस लावलेले एक आजोबा होते. किलोचा हिशोब मी त्यांना भाषांतर करून सांगितला नाही. काही गोष्टींचं भाषांतर न करणं हीच दुभाष्याची नोकरी असते.

बैल होता पवनचक्कीचा. अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखात, नेब्रास्का, कॅन्सस, आयोवा वगैरे राज्यांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शेतोशेती विहिरीचं पाणी उपसायला पवनचक्क्या होत्या. वारा माफक असला तर ठीक, पण वादळ आलं की चक्र बेफाम फिरून मोडायचं. म्हणून काही चक्क्यांत तरफेला लोखंडाचं वजन टांगत. वारा हद्दीबाहेर गेला की चक्र आपणच वाऱ्याच्या तोंडातून बाजूला वळे आणि वजन वर उचललं जाई. वारा निवळला की वजन खाली येऊन चक्राला पुन्हा कामाला लावी. काही चक्क्यांना मागची शेपटीच नसे. तिथे चक्राचा तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला वजन लागे.

या कामाला लोखंडाचा साधा ठोकळाही चालला असता. पण पाचपन्नास कंपन्या एकाच शेतकऱ्याच्या मागे लागल्या की ठोकळ्यालाही तोंड येतं. बीट्रिस गावच्या डेम्प्स्टर कंपनीनं घोडा केला, फेअरबरीच्या कंपनीनं बैल केला, इलिनॉयच्या एल्जिन कंपनीनं कोंबडा केला आणि खारही केली. कुणी चंद्रकोर केली, तर कुणी यादवी युद्धातली ‘मॉनिटर’ ही चिलखती नौका उचलून थेट शेतात उभी केली. दुरून घोडा दिसला की कंपनी कळायची. म्हणजे ही जाहिरात होती. फरक एवढाच, की ही जाहिरात काम करायची.

“म्हंजे कला नव्हं, काऊंटरवेट,” मामा म्हणाले.

मामांचा मुद्दा बिनतोड होता. पण कला कशाला म्हणायचं हे ओतणाऱ्यानं ठरवायची पद्धत जगात कुठेच नाही. १९३१ साली न्यू जर्सीतल्या न्यूअर्क म्युझियमनं अमेरिकन लोकशिल्पांचं प्रदर्शन भरवलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं सामान्य माणसाच्या कलेचं प्रदर्शन मांडलं. दोन्हींमागे होल्गर केहिल हे गृहस्थ होते. वारा दाखवणारे कोंबडे, दुकानाच्या पाट्या, जहाजाच्या नाळेवरच्या बायका असा सगळा माल भिंतीला लागला, खाली दिवा आला, बाजूला चिठ्ठी आली. एकदा चिठ्ठी आली की उरलेलं काम बाजार करतो.

तिकडे शेतात १९३६ च्या कायद्यानं खेडोपाडी वीज न्यायला सुरुवात केली होती. विजेचे पंप आले आणि पवनचक्क्या रिकाम्या उभ्या राहिल्या. १९४२ च्या उन्हाळ्यात नेब्रास्कातल्या ‘ओमाहा वर्ल्ड-हेरल्ड’ या वर्तमानपत्रानं युद्धासाठी भंगार गोळा करायची मोहीम काढली. गावागावांत चढाओढ लागली, ढीग रचले गेले, देशभर तिचं अनुकरण झालं आणि १९४३ साली वर्तमानपत्राला त्यासाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्या ढिगांबरोबर घोडे आणि बैलही वितळले. उरले त्यांचा भाव त्यामुळेच वाढला. देशभक्तीनं भंगार केलं आणि त्या भंगारानं उरलेल्यांची कला केली, असा हा व्यवहार.

हे सगळं मी मामांना सांगत असताना मामी पुढच्या गाळ्यात हात जोडून उभ्या होत्या. जमिनीवर लोखंडाचं चांगलं ताटाएवढं कासव होतं. कासव दिसलं म्हणजे समोर गाभारा असणार, हे मराठी मनाला शिकवावं लागत नाही. मामींनी वाकून नमस्कार केला. नंदी कुठे दिसतो का म्हणून इकडेतिकडे पाहिलंही. गॅलिसवाल्या आजोबांना वाटलं, बाईंना माल पसंत पडला. त्यांनी उत्साहानं पुढे येऊन कासवाच्या डोक्यावर बूट ठेवला. कासवाची पाठ झाकणासारखी वर उघडली. ती पिकदाणी होती.

मामी त्या गाळ्याकडे पुन्हा फिरकल्या नाहीत. मामा मात्र गुडघ्यावर बसून बिजागरी बघत राहिले.

ओतीव लोखंडाचा हा काळ असा अचाट होता. बूट काढायला तेव्हा घरोघरी एक चिमटा लागे. पायाची टाच त्यात अडकवायची आणि पाय ओढून घ्यायचा. त्याला दोन फाटे हवेत एवढीच यंत्रशास्त्राची अट. कारखानदारांनी ती पुरी करायला एक बाई उताणी झोपवली आणि तिचे पाय वर केले. ‘नॉटी नेली’ या नावानं ती प्रसिद्ध आहे. तिच्या नकला इतक्या निघाल्या आहेत, की अस्सल नेली सापडणं मुश्कील. हिनं ती एका फळीवर पाहिली, उलटी करून ठेवली आणि वर एक टेबलक्लॉथ टाकला. गाळा आमचा नव्हता, पण संस्कार आमचे होते.

मला सगळ्यांत आवडली ती टॅमनी बँक. ही मुलांची पैसे साठवायची डबी. कनेक्टिकटमधल्या क्रॉमवेलच्या जे. अँड ई. स्टीव्हन्स कंपनीनं ती १८७० च्या दशकात काढली. खुर्चीत एक गुबगुबीत पुढारी बसलेला आहे. त्याच्या हातावर नाणं ठेवा. हात वळतो, नाणं कोटाच्या खिशात पडतं आणि पुढारी मान डोलावून आभार मानतो. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय टोळीचा पुढारी विल्यम ट्वीड तेव्हा महापालिकेच्या तिजोरीवर हात मारल्याबद्दल गाजत होता. १८७८ साली तो तुरुंगातच वारला. अमेरिकन आईबाप मुलांना बचतीचं वळण लावायला हे खेळणं आणत. मुलगा रोज एक नाणं पुढाऱ्याच्या खिशात टाके आणि बचत शिके. नागरिकशास्त्राचा तास यापेक्षा स्वस्तात कुणी घेतला असेल असं वाटत नाही.

आता मुख्य प्रश्न. खरं कोणतं आणि खोटं कोणतं?

या विषयावर पुस्तकं आहेत, लिलावगृहांचे जाडजूड कॅटलॉग आहेत. मामांकडे अंगठा आहे. त्यांनी बैलाच्या पोटाखालून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “वाळू बारीक हाय. मोल्डर शाना हुता.” गॅलिसवाल्या आजोबांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा ताठ उभे राहिले. तिकडच्या जुन्या फौंड्र्यांत ऑल्बनीकडची बारीक वाळू नावाजलेली होती. तशा वाळूत ओतलेल्या मालाचा पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागतो. नकलेचं अंग खरखरीत लागतं आणि बारीक फोडांनी भरलेलं असतं, कारण नक्कल करणाऱ्याला घाई असते. फेटलिंगचं तसंच. जुना कामगार सांध्यावरची धार कानशीनं बसून काढायचा. नवा माल ग्राइंडरला लावतात, त्याच्या चकाकत्या रेषा उलट्या बाजूला सापडतात. डबी दोन अर्धांची असेल तर दोन्ही अर्ध चपखल बसायला हवेत. फटीतून पोस्टकार्ड गेलं तर समजावं, की ती आपल्या वयाची नाही.

मग मामांनी खिशातून टेप काढला. फौंड्रीवाला देशांतर करतो, टेप ठेवून येत नाही.

ही कसोटी मला फार आवडली. वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच. म्हणून पॅटर्न करणारा कारागीर पॅटर्न तेवढा मोठा करतो. नक्कल करणाऱ्याकडे मूळ पॅटर्न नसतो. तो अस्सल बैलच वाळूत दाबतो, साचा घेतो आणि ओततो. नवा बैल पुन्हा आकसतो. दोन फुटांच्या बैलात पाव इंचाची चोरी होते. त्या नकलेची नक्कल केली की आणखी पाव इंच. खोटेपणा पिढ्यान्‌पिढ्या लहान होत जातो आणि टेपनं मोजता येतो, असं क्षेत्र माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

बाकीच्या खुणा वाहनाच्या गॅरेजातल्या पोरालाही कळतील. स्टार स्क्रू दिसला तर वस्तू खाली ठेवावी, कारण तो स्क्रू हेन्री फिलिप्सनं १९३० च्या दशकात बाजारात आणला. १८७३ च्या पुढाऱ्याच्या पाठीत तो असेल, तर पुढाऱ्याची एकदा शस्त्रक्रिया झाली आहे किंवा त्याचा जन्मदाखला खोटा आहे. गंज नारिंगी असेल आणि बोटाला लागत असेल तर तो परवाच्या पावसाचा, नाहीतर व्हिनेगरचा. जुना गंज काळपट असतो, अंगाशी घट्ट असतो. रंग झिजायला हवा तो हात लागतो तिथे. पुढाऱ्याच्या टकलाचा रंग शाबूत आणि काखेतला उडालेला असेल, तर कुणीतरी सँडपेपर घेऊन बसलं होतं. पवनचक्कीच्या बैलाला बोल्टाचं भोक हवं आणि भोकाभोवती घासल्याच्या खुणा हव्यात. चक्कीवर कधी न चढलेला बैल म्हणजे नोकरी न करता निवृत्त झालेला माणूस.

सगळ्याच नकला लबाड नसतात, हेही सांगायला हवं. १९५० च्या दशकात ‘बुक ऑफ नॉलेज’च्या संग्रहावरून काढलेल्या डब्यांच्या बुडाला, ही मूळ वस्तूवरून केलेली प्रत आहे, असं साफ लिहिलेलं असतं. लबाडी पुढच्या हातात होते. तो बुडाची अक्षरं घासून टाकतो. म्हणून बूड वाजवीपेक्षा स्वच्छ दिसलं की जाणकार संशय घेतो.

आणि इथेच मराठी घरातली बाई आणि अँटिकचा बाजार यांचं जन्माचं वैर सुरू होतं. मामींचं म्हणणं होतं, की एवढे बाराशे डॉलर सांगायचे तर निदान बैल घासून, तेल लावून, एक हात काळा रंग मारून तरी ठेवायचा. मी त्यांना सांगितलं, की तसं केलं तर किंमत पार कोसळेल, कारण मूळ रंगाचा उरलेला कपटासुद्धा इथे मोजला जातो. मामी म्हणाल्या, “म्हंजे न पुसल्याचं पैसं?” मी हो म्हणालो. त्यांनी मामांकडे पाहिलं. मामांचं टेबल त्या गेली चाळीस वर्षं पुसत आल्या आहेत. मामांनी नजर टाळली.

तव्यांच्या गाळ्यात मात्र मामींनी आम्हा सगळ्यांना गप्प केलं. एरी गावची ग्रिसवोल्ड कंपनी १८६५ पासून १९५७ पर्यंत बिडाचे तवे आणि पसरट कढया करत होती. तिचा जुना माल हलका, पातळ आणि आतून आरशासारखा घोटलेला. लोक त्यासाठी मैलोनमैल गाडी हाणतात. मामींना कंपनीशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी एक तवा बोटांवर तोलला आणि माठ वाजवून घ्यावा तसा टिचकी मारून वाजवला. तो बद्द वाजला. खाली ठेवला. दुसरा खणखणला. काउंटरवर ठेवून गोल फिरवून पाहिला, फिरला नाही, म्हणजे बूड सपाट. आत बोट फिरवून म्हणाल्या, “घावन सुटंल ह्याच्यावर.” तडा, बाक आणि घोटाई या तिन्ही परीक्षा संग्राहक भिंग लावून करतात. मामींनी त्या घावनाच्या हिशोबानं केल्या आणि तवा घेतला. तिथे वस्तू विकत घेतलेली आमच्यातली ती एकटीच व्यक्ती.

निघताना दाराजवळच्या गाळ्यात मामांना एक कोंबडा दिसला. एल्जिनच्या घाटाचा, शेपटी झोकदार, गंज भरपूर. चिठ्ठीवर किंमत चारशे डॉलर आणि पुढे ‘जुनी शैली’ असे दोन निसरडे शब्द. मामांनी अंगठा फिरवला. “खोटा.” टेप न काढताच निकाल लागला. वाळू भरड, ग्राइंडरच्या रेषा, कल्ल्यापाशी ब्लो होल, पंखाखाली धार तशीच सोडलेली. मामांनी दोषांची यादी इतक्या तावातावानं वाचली, की गॅलिसवाले आजोबा परक्या भाषेतल्या त्या पंचनाम्याला मान हलवू लागले. शेवटी मामांनी कोंबडा उलटा केला. बुडाला अर्धवट खरवडलेल्या चिकटपट्टीवर अक्षरं उरली होती : मेड इन इंडिया.

मामांचा चेहरा पालटला. त्यांनी कोंबडा सरळ केला, पुन्हा नीट पाहिला. “तसं काम वाईट न्हाई,” ते म्हणाले. “फेटलिंगला गडी नवा असंल.” मग जरा वेळानं, “जावई, तिकडं ह्यो किती किलोनं गेला असंल वो?”

त्या दिवसापासून मामांना महाराष्ट्रात लोककला दिसू लागली. आणि खोटं कशाला बोला, दिसण्यासारखी ती आहेच. पुण्या-मुंबईतल्या नव्या कॅफेंत कॉफीचं टेबल बघावं, तर खाली शिवणयंत्राचं बिडाचं स्टँड, पायट्यासकट. कॉफी पिणारा नकळत पाय मारत बसतो. किराणा दुकानातली षटकोनी वजनं आठवा. बुडाच्या भोकात शिसं ओतलेलं आणि त्यावर निरीक्षकानं दर खेपेला मारलेले ठसे. इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि ती वजनं कागद उडू नये म्हणून बिलांवर बसली. पवनचक्कीचा बैल वाऱ्याशी प्रामाणिक होता. आपलं वजन गिऱ्हाइकाशी प्रामाणिक आहे, हे सिद्ध करायला सरकारला शिक्का मारावा लागे. लोककलेत लोकांचा स्वभाव उतरतो तो असा.

आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर? १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्यांदा नांगर खपेनात, लोखंडानं जमीन नासते असं शेतकरी म्हणत, ही हकिकत आपल्याकडे सर्वश्रुत आहे. तोच नांगर आता रिसॉर्टच्या दारात पांढरा रंग फासून उभा असतो आणि त्यावर पाहुणे फोटो काढतात. १९७२ च्या आपल्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. त्या वाडीचे पहिले नांगर वयात येऊन गेले, पण त्यांच्या गळ्यात चिठ्ठी बांधायला कुणी आलं नाही. मामांचं मत, की रंग फासणाऱ्यानं निम्मी किंमत घालवली. हे मत त्यांना इलिनॉयहून येताना मिळालं, आणि त्यावर कस्टमनं काही घेतलं नाही.

कोल्हापूरला परतल्यावर मामांनी फौंड्रीच्या मागच्या अंगणातला रिजेक्शनचा ढीग पुन्हा भट्टीत घालू दिला नाही, असं मला त्यांच्या मुलाकडून कळलं. फुटके पंप, वाकडे गिअर, अर्धवट भरलेली कास्टिंगं, सगळं पावसात पडू दे, कुणी हात लावायचा नाही, अशी आज्ञा आहे. मुलगा हिशोबाला पक्का. त्यानं विचारलं, की बाबा, ह्यात भांडवल अडकलंय, हा माल सुटणार कधी?

“शंभर वर्सांनी,” मामा म्हणाले. “तवर जीएसटीचं कायतरी ठरंल.”